मेल पाठवण्याआधी: छोट्या ऑनलाइन दुकानांसाठी स्पॅमविरोधी नियम

छोट्या ऑनलाइन दुकानांची ईमेलची बाजू मी सांभाळते. नवं दुकान हाती आलं, की मी आधी यादी उघडते आणि मालकांना विचारते, "यातले पत्ते कुठून आले?" काही ऑर्डर देणाऱ्यांचे असतात, काही प्रदर्शनात जमलेल्या व्हिजिटिंग कार्डांवरचे, काही ओळखीच्या कुणीतरी पाठवलेल्या एक्सेलमधले. उरलेल्यांबद्दल उत्तर येतं, "ते आधीपासूनच आहेत."

घोळ असतो तो या शेवटच्या उत्तरात. पत्ता कुठून आला, कधी आला आणि त्या माणसाने नेमकं कशाला हो म्हटलं, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. ते दाखवता येत असेल तर बाकीचे नियम पाळणं फार अवघड नाही. ते दाखवता येत नसेल, तर मेल कितीही देखणा केला तरी तो पाठवण्याचा हक्क तुमच्याकडे आहे की नाही हेच ठरत नाही. एकट्याने किंवा दोघा-तिघांत व्यवसाय चालवणाऱ्यांनी काय करावं, ते मी माझ्या कामाच्या क्रमाने सांगते.

कायदा कुणाचा लागतो

तुम्ही कुठे बसून मेल पाठवता एवढ्यावर हे ठरत नाही. मेल वाचणारा कुठे आहे हेही पाहिलं जातं. कॅनडातल्या ग्राहकाला मेल गेला तर कॅनडाचा कायदा आला, जर्मनीतल्या ग्राहकाला गेला तर युरोपचा आला.

या कायद्यांचे ढोबळमानाने दोन पंथ आहेत. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा २००३ मध्ये झाला आणि १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. तो आधी परवानगी घ्या असं म्हणत नाही. मेल पाठवा, पण खोटं बोलू नका, तुमचा पत्ता द्या आणि समोरचा नको म्हणाला की थांबा, एवढं तो सांगतो. युरोप, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांचा पंथ वेगळा आहे: आधी परवानगी, मग मेल. युरोपात २००२ च्या ई-प्रायव्हसी निर्देशाने हे तत्त्व आणलं आणि २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या जीडीपीआरने (युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याने) संमती म्हणजे काय याची व्याख्या कडक केली. कॅनडाचा कायदा १ जुलै २०१४ पासून आहे आणि या सगळ्यांत तो सर्वांत बारकाईने लिहिलेला आहे, असं माझं मत. ऑस्ट्रेलियाचा स्पॅम ॲक्ट २००३ चा. भारतात मार्केटिंग ईमेलसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, पण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमतीचीच भाषा बोलतो.

आता प्रत्येक देशासाठी वेगळी यादी ठेवायची का? मी ठेवत नाही. ईमेल पत्त्यावरून माणूस कुठे राहतो ते कळत नाही, आणि माणसं देश बदलतात. सगळ्या यादीला कडक पंथाचे नियम लावावेत, म्हणजे सैल नियम आपोआप पाळले जातात. यादी लहान होते, हे खरं. पण जी उरते ती वाचणाऱ्यांची असते.

आम्ही छोटे आहोत, आम्हाला सूट असेल, असं बरेच जण धरून चालतात. कॅन-स्पॅममध्ये धंद्याच्या आकारावरून सूट नाही. तो फक्त घाऊक मेलसाठी आहे हाही गैरसमज आहे. जाहिरातीचा एकच मेल पाठवला तरी तो लागू होतो, आणि कंपनीने कंपनीला पाठवलेल्या मेललाही लागू होतो. दंडाची कमाल मर्यादा दर मेलमागे ५० हजार डॉलरच्या वर आहे. कॅनडात एका उल्लंघनामागे संस्थेला १ कोटी कॅनेडियन डॉलरपर्यंत, व्यक्तीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जीडीपीआरची मर्यादा २ कोटी युरो किंवा जगभरच्या वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यातली जी जास्त असेल ती.

हे आकडे मी भीती घालायला सांगत नाही. छोट्या दुकानाला सरकारी नोटीस येण्याच्या कितीतरी आधी वेगळाच फटका बसतो. लोक "स्पॅम"चं बटण दाबतात, जीमेल आणि याहू तुमच्या डोमेनवरचा (ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावरचा) विश्वास कमी करतात, आणि एक दिवस ऑर्डरच्या पावत्याही स्पॅममध्ये जायला लागतात. मग ग्राहक फोन करून विचारतो, "पैसे गेले, पण मेल आला नाही." सवलतीच्या मेलमुळे ओढवलेलं संकट पावतीच्या मेलवर येऊन पडतं.

संमती: चौकोन, वाक्य आणि नोंद

माझा सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि तुमचाही जावा.

दुकानाच्या चेकआउटवर एक छोटा चौकोन असतो. तो आधीच टिक केलेला असेल तर ती टिक आजच काढा. कॅनडात तशी टिक चालत नाही. युरोपच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी प्लॅनेट४९ प्रकरणात स्पष्ट केलं, की आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. ते प्रकरण कुकींचं होतं, पण संमतीची व्याख्या तीच आहे. माणसाने स्वतः काहीतरी केलं पाहिजे.

मग चौकोनाशेजारचं वाक्य. "मला अटी मान्य आहेत आणि ऑफर्स मिळाव्यात" अशी दोन कामं एका वाक्यात कोंबू नका. अटी मान्य केल्याशिवाय खरेदी होत नाही, मग ऑफर्सना दिलेला होकार मोकळेपणाने दिलेला उरत नाही. मी साधारण असं लिहिते: "नवीन वस्तू आणि सवलतींची माहिती मला महिन्यातून साधारण एकदा ईमेलवर पाठवा. हे कधीही बंद करता येईल." दुकानाचं नाव जवळपास दिसत असावं. वाक्यात "महिन्यातून एकदा" लिहिलंत तर ते पाळा. सणासुदीच्या आठवड्यात रोज मेल गेला, की लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त असतं.

आता नोंद. कॅनडाच्या कायद्यात संमती होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर आहे. जीडीपीआरच्या सातव्या कलमातही तेच: संमती घेतल्याचं दाखवता आलं पाहिजे. मी ठेवते ती स्प्रेडशीट अगदी साधी आहे. पहिल्या रकान्यात पत्ता. मग तारीख आणि वेळ. मग तो कुठल्या पानावरून आला: चेकआउट, मुख्यपानावरचा फॉर्म, की प्रदर्शनातला टॅब. त्यापुढे त्या दिवशी चौकोनाशेजारी असलेलं वाक्य, जसंच्या तसं. मग पुष्टीच्या मेलवर क्लिक केल्याची वेळ, शेवटच्या खरेदीची तारीख, आणि शेवटचा रकाना "बंद केलं". तो बहुतेक ओळींत रिकामा असतो. मेल पाठवण्याचं सॉफ्टवेअर यातलं बरंचसं आपोआप टिपतं, पण वाक्य टिपत नाही. म्हणून फॉर्मवरचे शब्द बदलले, की जुन्या फॉर्मचा स्क्रीनशॉट तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेवायचा. दोन वर्षांनी कुणी विचारलं, "मी कशाला हो म्हटलं होतं?", तर ते पान उघडून दाखवता येतं.

पुष्टीचा मेल, म्हणजे डबल ऑप्ट-इन, बहुतेक कायद्यांत शब्दशः सक्तीचा नाही. तरीही मी तो सगळीकडे लावते. कुणी दुसऱ्याचाच पत्ता टाकला, कुणाची टायपिंगची चूक झाली, एखाद्या बॉटने (आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅमने) फॉर्मवर हल्ला केला, तर हे सगळं तिथेच गळून पडतं. पुष्टीच्या मेलमध्ये मात्र एवढंच असावं: तुम्ही नाव नोंदवलंत, खरंच नोंदवलं असेल तर इथे क्लिक करा. त्यात कूपन घातलंत तर संमतीआधीच जाहिरात पाठवल्यासारखं होतं.

जुन्या ग्राहकांसाठी एक फट आहे आणि ती नीट समजून घ्यावी. युरोपीय निर्देशाच्या १३व्या कलमानुसार, खरेदीच्या वेळी ग्राहकाने स्वतः तुम्हाला पत्ता दिला असेल, तर तुमच्याच तशाच प्रकारच्या वस्तूंचे मेल वेगळी संमती न घेता पाठवता येतात. अट अशी, की पत्ता घेतानाच "नको" म्हणायची सोय दिलेली हवी आणि नंतरच्या प्रत्येक मेलमध्येही ती हवी. ही मुभा तुमच्यापुरती आहे. बहिणीचं दागिन्यांचं दुकान वेगळं असेल, तर तुमच्या ग्राहकांना तिच्या दागिन्यांचे मेल या मुभेत बसत नाहीत. कॅनडात खरेदीनंतर दोन वर्षं आणि नुसत्या चौकशीनंतर सहा महिने संमती गृहीत धरता येते. मुदत संपली, की संपली. शेवटच्या खरेदीच्या तारखेचा रकाना मी याचसाठी ठेवते.

विकत घेतलेल्या यादीबद्दल माझं मत कडक आहे: घेऊ नका, फुकट मिळाली तरी घेऊ नका. विकणारा म्हणतो, "सगळे ऑप्ट-इन आहेत," म्हणजे सगळ्यांनी स्वतः होकार दिलेला आहे. ते कुणाला ऑप्ट-इन आहेत? तुम्हाला तर नक्कीच नाहीत. वेबसाइटींवरून पत्ते खरवडून जमवणारं सॉफ्टवेअर आणि तशा याद्या यांच्याविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात स्वतंत्र तरतुदी आहेत, आणि कॅन-स्पॅममध्ये तशा पत्त्यांचा वापर गुन्ह्याचं गांभीर्य वाढवतो. शिवाय अशा याद्यांत स्पॅम ट्रॅप असतात. हे पत्ते कुठल्याही जिवंत माणसाचे नसतात आणि त्यांनी कुठेही नाव नोंदवलेलं नसतं. तिथे मेल पोचला, की पाठवणाऱ्याने पत्ते कुठून उचलले ते उघड होतं. मग स्पॅम पाठवणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या स्पॅमहाऊससारख्या संस्थांच्या ब्लॉकलिस्टमध्ये नाव जातं, आणि तिथून बाहेर यायला लागणारा वेळ आणि मनस्ताप कुठल्याही सवलत मोहिमेतून भरून निघत नाही.

जुनी यादी घेऊन काय करायचं

लोकांना सुचतं ते असं: सगळ्यांना एक मेल टाकू, "तुम्हाला आमचे मेल हवे आहेत का?" ऐकायला सभ्य वाटतं, पण तो मेलही मार्केटिंगचाच मेल ठरतो. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी मार्च २०१७ मध्ये फ्लायबी या विमान कंपनीला ७० हजार पौंड दंड केला तो नेमका यासाठी. कंपनीने ३३ लाखांवर मेल पाठवून लोकांना आपली माहिती आणि पसंती तपासायला सांगितलं होतं, आणि त्यांनी आधीच मेल नको म्हणून कळवलेलं होतं. त्याच वेळी होंडाच्या युरोपीय कंपनीला १३ हजार पौंड दंड झाला. तिने पाठवलेले जवळपास २ लाख ९० हजार मेल पसंती विचारणारे होते, आणि त्या लोकांची संमती होती की नाही हे कंपनीला दाखवता आलं नाही.

म्हणून जुनी यादी मी तीन ढिगांत वाटते. ज्यांची नोंद आहे ते पहिल्या ढिगात, त्यांना मेल जातील. ज्यांनी अलीकडे खरेदी केली आहे आणि तेव्हा "नको" म्हणायची सोय होती ते दुसऱ्यात. त्यांना जपून, फक्त तशाच वस्तूंचे मेल. बाकी सगळे तिसऱ्या ढिगात, त्यांना मेल बंद. हा तिसरा ढीग मोठा निघतो आणि मालकांचा चेहरा उतरतो, हे मला माहीत आहे. त्यांना परत मिळवायचा रस्ता वेबसाइटवरून जातो. ते पुन्हा ऑर्डर द्यायला आले, की ऑर्डर पूर्ण झाल्यावर दिसणाऱ्या पानावर नाव नोंदवायचा फॉर्म ठेवा. पार्सलमध्ये छापील चिठ्ठी घाला. ज्याला खरंच ऐकायचंय तो नोंदवतो.

मेलच्या अंगावर काय हवं

पाठवणाऱ्याचं नाव खरं हवं. ग्राहक तुम्हाला दुकानाच्या नावाने ओळखत असेल तर "फ्रॉम"मध्ये दुकानाचंच नाव असावं. अचानक मालकाचं आडनाव दिसलं तर लोक ओळखत नाहीत आणि स्पॅमचं बटण दाबतात. विषयाच्या ओळीत फसवणूक नको. आधी कधीच बोलणं झालेलं नसताना "आरई:" लावून उत्तराचा आव आणणं, सवलत असताना "तुमच्या ऑर्डरबद्दल महत्त्वाचं" लिहिणं, या युक्त्या काही मार्केटिंग वर्गांत अजून शिकवल्या जातात. कॅन-स्पॅममध्ये दिशाभूल करणारी विषयाची ओळ हा सरळ सरळ भंग आहे.

मेलच्या तळाशी टपालाचा खरा पत्ता लागतो, अमेरिकेच्या कायद्यातही आणि कॅनडाच्याही. घरून व्यवसाय करणाऱ्यांना, विशेषतः एकट्या राहणाऱ्या बायकांना, इथे धास्ती वाटते आणि ती रास्त आहे. हजारो अनोळखी लोकांना घरचा पत्ता का द्यायचा? द्यायची गरज नाही. कॅन-स्पॅमखाली टपाल खात्याकडे रीतसर नोंदवलेली पोस्ट बॉक्स चालते, आणि व्यावसायिक टपालसेवेकडे घेतलेली खासगी पेटीही चालते. पेटी घ्या, आणि ती मधूनमधून उघडूनही बघा. खोटा किंवा जुना पत्ता टाकणं मात्र कुठेच चालत नाही.

पावतीच्या मेलचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. ऑर्डर मिळाली, पार्सल निघालं, पासवर्ड बदला, हे व्यवहाराचे मेल. त्यांना मार्केटिंगची संमती लागत नाही. म्हणून मोह होतो, की पावतीतच चार नव्या वस्तू दाखवाव्यात. अमेरिकेत मेलचा मुख्य हेतू पाहतात: विषयाची ओळ वाचून जाहिरात वाटते का, आणि व्यवहाराची माहिती सुरुवातीलाच आहे का. "तुमचं पार्सल निघालं" अशी विषयाची ओळ, उघडल्यावर आधी मोठा सवलतीचा फलक, आणि ट्रॅकिंग नंबर खाली शोधायचा, हा मेल जाहिरात ठरतो. २०२३ मध्ये एक्सपेरियनच्या ग्राहकसेवा कंपनीने ६ लाख ५० हजार डॉलर भरायचं कबूल केलं. खात्याची माहिती असल्याचं भासवून जाहिरातीचे मेल पाठवले आणि त्यात अनसबस्क्राइबची, म्हणजे मेल बंद करायची, सोय नव्हती, असा तिच्यावर आरोप होता. युरोपचा दृष्टिकोन यापेक्षाही कडक आहे. माझा नियम साधा आहे: पावतीत फक्त पावती. जाहिरात नाही, कूपन नाही. आणि दोन्ही प्रकारचे मेल वेगवेगळ्या सबडोमेनवरून पाठवायचे, म्हणजे न्यूजलेटरवर कुणी रागावलं तरी पावतीला झळ कमी बसते.

"तुमच्या कार्टमध्ये वस्तू राहिली आहे" हा मेल पुष्कळ जण व्यवहाराचा समजतात. व्यवहार झालेलाच नाही. तो मेल खरेदीचं आमंत्रण आहे, आणि त्याला मार्केटिंगचेच नियम लागतात.

अनसबस्क्राइब

कुणी नको म्हटल्यावर मेल थांबवायच्या मुदती कायद्यांत वेगवेगळ्या आहेत. अमेरिका आणि कॅनडात कामकाजाचे १० दिवस, ऑस्ट्रेलियात ५. मेल पाठवल्यानंतर त्यातली अनसबस्क्राइबची लिंक अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या नियमांनुसार किमान ३० दिवस चालू हवी, कॅनडात ६०. या मुदतींवर रेलून राहू नका. माणसाने बटण दाबलं, की त्याच क्षणी मेल थांबले पाहिजेत. आजच्या सॉफ्टवेअरला त्यात काहीच अवघड नाही.

लिंक फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात लपवू नका. २०१५ मध्ये प्लेंटीऑफफिश या डेटिंग साइटने कॅनडात ४८ हजार डॉलर भरले, कारण अनसबस्क्राइबची सोय ठळक आणि सहज वापरता येण्याजोगी नव्हती असा आरोप होता. लॉगइन करायला लावू नका. कॅन-स्पॅमखाली ईमेल पत्त्यापलीकडे काही विचारता येत नाही, पैसे घेता येत नाहीत, आणि उत्तर पाठवणं किंवा एकच वेबपान उघडणं याहून जास्त पायऱ्या ठेवता येत नाहीत. "कमी मेल पाठवा" किंवा "या विषयाचे नकोत" असे पर्याय शेजारी द्यायला हरकत नाही, आणि ते द्यावेतच. पण "सगळे बंद" हा पर्याय तिथेच, तितकाच ठळक हवा.

आता जी चूक मला दुकानामागून दुकानात दिसते ती. अनसबस्क्राइब केलेल्याचा पत्ता यादीतून पुसून टाकतात. स्वच्छ वाटतं. पुढच्या महिन्यात दुकानाच्या सॉफ्टवेअरमधून ग्राहकांची सीएसव्ही फाइल काढून मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतात, आणि तोच पत्ता नव्या ग्राहकासारखा पुन्हा आत येतो. त्या माणसाने नको म्हणून सांगितलेलं असतं आणि त्याला परत मेल जातो. पत्ता पुसू नका. त्याला "पाठवू नये" अशी खूण करा, म्हणजे सप्रेशन यादीत ठेवा. फाइल चढवताना सॉफ्टवेअर ती यादी आपोआप तपासतं. कुणी जीडीपीआरखाली सगळी माहिती पुसायला सांगितली, तरी पुन्हा मेल जाऊ नये एवढ्यापुरता पत्ता राखून ठेवता येतो. बाकी नाव, घरचा पत्ता, आवडीनिवडी पुसाव्यात.

दुसरी गोम अशी, की मेल एकाच ठिकाणाहून जात नाहीत. दुकानाचा प्लॅटफॉर्म एक मेल पाठवतो, न्यूजलेटरचं सॉफ्टवेअर दुसरा, "कसं वाटलं ते सांगा" असं विचारणारं ॲप तिसरा. एकाला नको म्हटलेलं दुसऱ्याला कळत नाही. हे तपासायचा एकच भरवशाचा मार्ग आहे. स्वतःच्या दुसऱ्या ईमेल पत्त्यावरून आपल्याच दुकानात ऑर्डर द्या, मेल यायला सुरुवात झाली की एका मेलमधून अनसबस्क्राइब करा, आणि पुढचे काही आठवडे त्या इनबॉक्सवर नजर ठेवा. जो मेल अजून येतोय, तो कुठल्या ॲपमधून येतोय ते शोधून तिथली जोडणी दुरुस्त करा.

जीमेल, याहू यांचे नियम

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले, आणि मे २०२५ पासून आउटलुकनेही तशीच पावलं उचलली. जीमेलकडे दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क तिन्ही लागतात, मार्केटिंगच्या मेलला एका क्लिकचं अनसबस्क्राइब लागतं, आणि ते दोन दिवसांत अमलात आणावं लागतं. त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकिम हवंच. तुम्ही तिन्ही लावा. छोट्या दुकानाला हे एकदाच करायचं काम आहे.

तुमच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरना आहे, त्याची यादी म्हणजे एसपीएफ. डीकिम म्हणजे लखोट्यावरची लाखेची मोहोर: वाटेत मजकूर बदलला तर ती तुटलेली दिसते. या दोन्ही तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगतं. तिन्ही नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंगच्या नोंदवहीत) टाकायच्या असतात आणि मेलचं सॉफ्टवेअर त्या तयार करून देतं. दोन जागी हमखास घसरण होते. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. नवं सॉफ्टवेअर घेतलं म्हणून दुसरी नोंद टाकलीत तर दोन्ही निकामी होतात. जुन्या नोंदीतच भर घालायची. आणि डीमार्क सुरू करताना आधी काहीही न अडवता फक्त अहवाल मागवणारं धोरण ठेवा. आपलेच कुठले मेल तपासणीत नापास होतात ते कळलं, की मग कडक करा.

झालं की स्वतःला मेल पाठवा. संगणकावर जीमेलमध्ये तो उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूतून "शो ओरिजिनल" निवडा. वर एका तक्त्यात एसपीएफ, डीकिम, डीमार्क यांच्यापुढे "पास" दिसायला हवं. त्याच पानावर खालच्या मजकुरात "लिस्ट-अनसबस्क्राइब" आणि "लिस्ट-अनसबस्क्राइब-पोस्ट" या दोन ओळी शोधा. त्या असतील तर जीमेल पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी स्वतःचं अनसबस्क्राइब बटण दाखवू शकतं. दुसरी ओळ का लागते? काही सुरक्षा सॉफ्टवेअर मेलमधली प्रत्येक लिंक आपोआप उघडून बघतात, आणि नुसती लिंक उघडल्यावर नाव निघत असेल तर वाचणाऱ्याच्या नकळत ते निघून जातं. त्यावर उपाय म्हणून हे तंत्र २०१७ मध्ये ठरवलं गेलं.

फुकटच्या जीमेल पत्त्याला "फ्रॉम"मध्ये ठेवून न्यूजलेटर सॉफ्टवेअरमधून मेल पाठवणाऱ्यांनी स्वतःचं डोमेन घ्यावं. त्या पत्त्याचं डोमेन गूगलचं आहे, त्याच्या नावाने दुसरा सर्व्हर मेल पाठवतो, आणि तपासणीत तो नापास होतो.

स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली असावं अशी जीमेलची अट आहे, आणि ०.१ च्या खाली असावं असा सल्ला. हजार मेलमागे तीन म्हणजे मर्यादा गाठली. तुमची यादी ५०० ची असेल तर दोघांनी बटण दाबलं की ०.४ टक्के झाले. लहान यादीत एकेका माणसाची नाराजी जड असते, म्हणून सहा महिने मेल उघडलाच नाही अशांना मी हळूहळू बाजूला काढते. हा आकडा गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये दिसतो. मेल फारच थोडे असतील तर तिथे काहीच दिसत नाही. तेव्हा अनसबस्क्राइबचं वाढतं प्रमाण हीच खूण धरा.

दुसऱ्याच्या हातून गेलेले मेल

मेलचं काम कुणा फ्रीलान्सरला दिलं, किंवा कमिशनवर विक्री करणारा कुणी तुमच्या वस्तूचे मेल पाठवतो, तरी तुमची सुटका होत नाही. कॅन-स्पॅममध्ये ज्याच्या मालाची जाहिरात आहे तो आणि पाठवणारा, दोघेही जबाबदार ठरू शकतात. मी स्वतः हे काम करते, तरी दुकानमालकांना सांगते: माझ्याकडून लेखी घ्या. कुठली यादी वापरणार, "नको" म्हटलेल्यांची नोंद कुणाकडे राहणार, काम संपल्यावर यादीची प्रत पुसली जाणार की नाही. एवढ्या तीन गोष्टी करारात असू द्या.

तक्रार आली तर

एखादा दिवस येतो, की रागावलेलं पत्र येतं: "माझा पत्ता तुम्हाला कुणी दिला?" उत्तर द्यायला वेळ लावू नका आणि वाद घालू नका. आधी त्याचा पत्ता सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये बंद करा, मग स्प्रेडशीटमधली त्याची ओळ काढा आणि लिहा. मी साधारण असं लिहिते:

"नमस्कार. आपला पत्ता अमुक तारखेला आमच्या चेकआउटच्या पानावर नोंदवला गेला होता. तिथला मजकूर सोबत जोडला आहे. आजपासून आमच्याकडून आपल्याला जाहिरातीचा एकही मेल येणार नाही. आपण दिलेल्या ऑर्डरबद्दलचे मेल मात्र येतील. आपल्याबद्दल आमच्याकडे असलेली सगळी माहिती हवी असेल किंवा पुसायची असेल तर याच मेलला उत्तर द्या."

युरोपातल्या माणसाने स्वतःची माहिती मागितली, तर साधारणपणे एका महिन्याच्या आत ती द्यावी लागते. ओळ सापडलीच नाही, म्हणजे पत्ता कुठून आला हे तुम्हालाही माहीत नसेल, तर तसंच सांगा, माफी मागा आणि त्याच मार्गाने आलेले बाकीचे पत्तेही त्याच दिवशी बंद करा. पत्र आणि आपलं उत्तर दोन्ही जपून ठेवा, आणि स्प्रेडशीटमधल्या "बंद केलं" या रकान्यात तारीख टाका.